भरलेल्या गाडीचे वजन

पाच वाजता सत्कार होता, आणि दुपारचा दीड वाजून गेला तरी ज्याचा सत्कार व्हायचा तो ऋतुराज ताटावरून उठला नव्हता. ताट केव्हाच रिकामे झाले होते. खरकट्याने वाळलेला हात तसाच ताटावर धरून तो वडिलांकडे पाहत होता, आणि विजयसिंहांना त्या पाहण्याचा अर्थ लागत नव्हता. मुलाने उच्चारलेले वाक्य दोन शब्दांचे होते. "पैसं न्हाईत," एवढेच तो म्हणाला होता. परंतु काही वाक्ये अशी असतात, की ती कानांना तत्काळ समजतात आणि बुद्धीच्या उंबऱ्यावर मात्र ताटकळत उभी राहतात.

"किती न्हाईत?" विजयसिंहांनी विचारले. प्रश्न सुटून गेल्यावर तो विचित्र असल्याचे त्यांचे त्यांनाच जाणवले.

"कितीबी न्हाईत, पप्पा. खात्यात एकोणीस हजार हाईत. त्यातलं आठ हजार कॅडीचं द्यायचं ऱ्हायल्यात."

खिडकीतून चौकातला फ्लेक्स दिसत होता. डाव्या कोपऱ्यात फेटा बांधलेले आजोबा, तालमीचे जुने वस्ताद आकारामआबा, उजव्या कोपऱ्यात काळा चष्मा लावलेले अमरसिंह, म्हणजे विजयसिंहांचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर आण्णा म्हणे. आणि मधोमध, हिरव्यागार गवतावर, दूर गेलेल्या चेंडूकडे पाहणारा ऋतुराज. शुभेच्छुकाचे छायाचित्र सत्कारमूर्तीपेक्षा किंचित मोठे होते, हा दोष छापणाऱ्याचा नव्हता. खाली सोनेरी आकड्यांत लिहिले होते : गोल्फमधील एकूण कमाई रु. १,८४,३६,५००. बावड्याच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जाई तेव्हा ते आकडे वाऱ्याने फुगत आणि पुन्हा चपटे होत.

हा आकडा घरात आणला तो अमरसिंहांच्या क्रांतीने, आणि निर्मळ मनाने आणला. दिवाळीच्या पाडव्याला ती फोनवर चाळा करीत बसली असता, व्यावसायिक गोल्फच्या स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेच्या पानावर तिला चुलतभावाचे नाव सापडले. नावापुढे स्पर्धा किती, सर्वोत्तम क्रमांक कोणता, आणि आजवरची कमाई किती, असे तीन रकाने होते. तिसरा रकाना तिने मोठ्याने वाचला. पंगतीतले सारे हात थांबले. अमरसिंहांनी तो पुन्हा वाचायला लावला, मग चष्मा लावून स्वतः वाचला. आणि तिसऱ्या दिवशी तालमीच्या बैठकीत, मॅटच्या नव्या हॉलची चर्चा चालू असता, उभे राहून त्यांनी सांगून टाकले, की आमचा ऋतुराज हॉलसाठी अकरा लाख देईल. शेजारी आबा बसले होते. त्यांनी मान हलविली. आकाराम चौगल्यांची मान त्या तालमीत पन्नास वर्षे दस्तऐवजासारखी चालत आली होती. आज सत्कारात तेच आपल्या तोंडाने ती देणगी जाहीर करणार होते.

आता कोणी म्हणेल, की शब्द देण्यापूर्वी मुलाला एक फोन केला असता तर काय बिघडले असते. आक्षेप रास्त आहे. पण तो तालमीबाहेरच्या माणसाचा आहे. आबांच्या काळी पोरगा मैदान मारून आला, की इनामाची रक्कम आपल्या हातात ठेवीत नसे. ती वस्तादाच्या पायापाशी ठेवी. वस्ताद त्यातूनच त्याचा खुराक चालवी, आणि पोरगा तालीम सोडून प्रपंचाला लागला, म्हणजे उरलेली सारी रक्कम फेट्यासकट त्याच्या बापाच्या पदरात घाली. मधल्या काळात आकडा विचारणे म्हणजे वस्तादाच्या इमानावर बोट ठेवणे. ऋतुराजला बेंगळुरूत एक वस्ताद आहे, हे घरातल्या सर्वांस ठाऊक होते. तेव्हा पैसा त्या वस्तादाकडे साठत आहे, हेही ठाऊकच होते. कोणी सांगितले नव्हते, इतकेच. आणि खोटे कशाला बोला, विजयसिंहांचाही तोच समज होता. कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षे बसून मार्चमध्ये निवृत्त झालेला, उसाच्या गाडीचे वजन नुसत्या नजरेने सांगणारा हा माणूस पोटच्या मुलाच्या बाबतीत सात वर्षे कधी आकडा विचारता झाला नव्हता.

फेटे बांधणाऱ्याला सांगून अमरसिंह घरात आले तेव्हा त्यांना तेच दोन शब्द ऐकवावे लागले. ते रागावतील असे विजयसिंहांना वाटले होते. ते रागावले नाहीत; खुर्ची ओढून पुतण्यासमोर बसले आणि समजुतीच्या सुरात, जणू एखाद्या चुकार म्हशीला गोठ्यात घ्यायचे आहे अशा सावधपणे, म्हणाले, "बंगलोरात फ्लॅट घेतलायस व्हय? घेतला असशील तर सांग मर्दा. घरातच हाय ते. पर न्हाईत म्हणू नगंस. शेवटच्या पाचशेपतोर आकडा छापलाय त्येनी."

"आकडा खराच हाय, आण्णा."

"मग पैसं?"

"ते न्हाईत."

अमरसिंहांनी भावाकडे पाहिले. विजयसिंहांनी जमिनीकडे पाहिले. आकडा खरा आणि पैसा नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा उभ्या राहाव्यात, हे दोघा भावांपैकी कोणालाच उमगत नव्हते. आणि न उमगलेल्या गोष्टीला जवळचा अर्थ चिकटविण्याची माणसाची जी खोड आहे, तिला अनुसरून अमरसिंह हळूहळू लबाडीच्या दिशेने वळू लागले. पोराला कोणी शिकविले असेल, शहरात राहून पोरे आतल्या गाठीची होतात, वाटणीच्या आधीच कोणी वेगळी चूल मांडीत असेल तर तसे सांगावे, अशी ती बोलण्याची घसरण होती. 'कोणी' म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितले नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पूर्णिमाला, ऋतुराजच्या आईला, ते बरोबर कळले.

"आण्णा, फ्लॅटचं मला इचारा," ती पदर सावरून म्हणाली. "चौघंजण एका खोलीत ऱ्हात्यात. भात किटलीत शिजवत्यात. पाणी किती घालू म्हणून ह्यो मला फोन करतोय, सात वर्सं झाली."

विजयसिंह चमकले. "मला कधी बोलली न्हाईस?"

"तुम्ही कवा इचारलासा? इचारायचं न्हाय, ही तुमच्याच घरची रीत न्हवं?"

क्रांती मधल्या दारात आली आणि वडिलांच्या मागे न थांबता सरळ जाऊन ऋतुराजच्या शेजारी बसली. अमरसिंहांनी तिला डोळ्यांनी खुणावले. तिने ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले. ती पतसंस्थेत नोकरीला होती. आकडा मी वाचला, पण आकड्याच्या आत काय आहे ते वाचले नाही, चूक माझी आहे, असे ती म्हणाली. तिच्या वडिलांना आकड्याला आत असते हेच नवीन होते.

तेव्हा विजयसिंहांनी सत्काराची निमंत्रणपत्रिका उचलली, तिची कोरी बाजू वर केली आणि खिशातले पेन काढले. गोंधळलेला माणूस आपल्या हाताला जे काम येते त्याचा आश्रय घेतो. वर त्यांनी आकडा लिहिला : १,८४,३६,५००.

"ही भरलेली गाडी," ते म्हणाले. "आता रिकामी सांग."

ऋतुराजने वडिलांकडे पाहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा किंचित सैल झाला. लहानपणी तो काट्याच्या खोलीत दिवसच्या दिवस बसलेला होता. भरलेली गाडी येते, वजन होते. ऊस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. पहिल्यातून दुसरे वजा केले, की शेतकऱ्याचा ऊस. त्या खोलीतच उसाचे कांडे दोन्ही मुठींत धरून तो कागदाचे बोळे मारीत असे, आणि मारताना उजवी करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गुंतवीत असे. गोल्फची काठी धरण्याची ही पकड त्याला बेळगावच्या मामाने शिकविली होती. मामा तिथल्या लष्कराच्या गोल्फ मैदानावर गवत राखायला होता. सुट्टीत भाच्याला घेऊन जाई, आणि तिथूनच हे सारे सुरू झाले होते.

"एकशे अठरा स्पर्धा झाल्या," ऋतुराज सांगू लागला. प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी आपण भरायची. जायचे यायचे भाडे आपले. आज चंदीगड, पुढच्या आठवड्यात कोलकाता, त्यानंतर आसाम. खोली आपली, खाणे आपले, कॅडीची आठवड्याची मजुरी आपली. सरासरी एका स्पर्धेला पंच्याऐंशी हजार.

"कॅडी म्हंजे पिशवी उचलणारा न्हवं?" अमरसिंहांनी विचारले. "एकोणतीस वर्साचा गडी तू. तुझी पिशवी तुला उचलत न्हाय?"

"तो वारा बघतोय, आण्णा. अंतर सांगतोय. बक्षिसात त्येचा हिस्साबी असतोय."

"वारा मलाबी कळतोय," अमरसिंह म्हणाले. पण ते आता वाकून पत्रिकेकडे पाहू लागले होते.

मग ऋतुराजने जे सांगितले त्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. दोन दिवस सारे खेळतात. दुसऱ्या संध्याकाळी निम्मे घरी जातात. त्यांना काही मिळत नाही. एकशे अठरांपैकी सत्तेचाळीस वेळा तो असा परतला होता. उरलेले आणखी दोन दिवस खेळतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला पैसे मिळतात : पहिल्याला पंधरा लाख, सदतिसाव्याला साठ-सत्तर हजार. सदतिसाव्याला पैसे, हे ऐकून अमरसिंह थबकले. कुस्तीत एक चीत होतो आणि एक उभा राहतो. उभा राहिलेल्याला इनाम मिळते. साऱ्यांत सदतिसावा आलेला माणूस उभा आहे की पडलेला आहे, हे त्यांना ठरविता येईना. त्यांनी तसे विचारलेही. ऋतुराज थोडा विचार करून म्हणाला, की तेच तर सात वर्षे त्यालाही कळलेले नाही.

विजयसिंह वजा करीत गेले. एकशे अठरा स्पर्धांचे एक कोटी तीस हजार गेले. वस्तादाचे, म्हणजे प्रशिक्षकाचे, महिना पंचवीस हजार. बेंगळुरूच्या खोलीचे भाडे आणि पोट. कॅडीचा हिस्सा. बक्षीस हाती येण्यापूर्वीच कापला जाणारा कर. काठ्या, चेंडू, गुडघ्याचे एक दुखणे. पेन खाली सरकत होते आणि आकडा वितळत होता. शेवटी पत्रिकेच्या तळाशी जे उरले ते शून्याच्याही थोडे पलीकडे होते. भरलेले वजन आणि रिकामे वजन सारखेच. एकतीस वर्षांत असली गाडी त्यांच्या काट्यावर आली नव्हती. अशा वेळी काट्यावरचा माणूस प्रथम काट्याचा संशय घेतो. त्यांनी तीनदा पुन्हा बेरीज केली. तिन्ही वेळा तेच.

"बरं, आता पुढच्या वर्षाचं काय?" क्रांतीने विचारले.

पहिल्या साठ जणांना पुढल्या वर्षी खेळण्याचा परवाना आपोआप मिळतो, ऋतुराजने सांगितले. यंदा तो चौसष्टावा आला. जानेवारीत पुन्हा पात्रता फेरी द्यावी लागेल, आणि पास झाले तरी वर्ष उभे करायला बारा लाख लागतील. एवढे सांगून तो थांबला, मग वडिलांकडे वळून म्हणाला, "पप्पा, आन् एक सांगायचं हाय."

पण तेवढ्यात आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. आबा झोपेतून उठले होते.

त्यांना सांगायचे काम विजयसिंहांकडे आले, कारण अमरसिंह एकाएकी फोनवर बोलत अंगणात गेले. ब्याऐंशी वर्षांच्या आबांनी सर्व ऐकून घेतले. मोडक्या कानांच्या त्या मोठ्या डोक्यात प्रत्येक वाक्य सावकाश उतरत होते. मध्येच त्यांनी एकच प्रश्न केला, वस्तादाने खाल्ले का? तसे असेल तर आपण बेंगळुरूला जाऊ, असेही ते म्हणाले.

"न्हाय आबा," ऋतुराज म्हणाला. "वस्तादाला मीच द्यायचो. महिन्याला पंचवीस हजार."

आबांची काठी जमिनीवर स्थिर झाली. "कोण कुणाला?"

"मी. वस्तादाला."

"पोरानं वस्तादाला?"

"व्हय."

"मग खुराक कोण देत हुतं?"

"माझा मीच, आबा."

अकरा लाख, एक कोटी, चौसष्टावा क्रमांक, यांतले काहीही आबांना हलवू शकले नव्हते. पण शिष्य वस्तादाला पगार देतो, या एका गोष्टीपाशी त्यांचे ब्याऐंशी वर्षांचे जग एका बाजूला कलले. त्यांनी नातवाचे मनगट हातात घेतले आणि चाचपून पाहिले, जणू खुराकावाचूनचे हाड तिथे लागणार होते.

"पडलास व्हय रं?" त्यांनी हळूच विचारले.

ऋतुराजने क्षणभर वडिलांच्या हातातल्या पत्रिकेकडे पाहिले. "पडलो न्हाय. बरोबरीत सुटली म्हणा."

"बरोबरीत सुटली की इनाम निम्मं-निम्मं असतंय," आबा म्हणाले. "मग तुझं निम्मं कुठाय?"

विजयसिंहांच्या मनात आले, की प्रश्न चुकीचा आहे. आणि पाठोपाठ असेही आले, की चुकीचा का आहे हे आपल्याला सांगता येत नाही.

अमरसिंह अंगणातून परत आले ते दुसराच विचार घेऊन. लबाडीचा आरोप त्यांनी वाटेत कुठेतरी टाकून दिला होता. आता ते भावाशी फार मऊ बोलत होते. पोराकडे नाहीत हे मान्य. पण शब्द गेला आहे, फ्लेक्स लागला आहे, कसबा बावड्यात तोंड दाखवायचे आहे. आणि ब्याऐंशीव्या वर्षी आबांनी स्टेजवरून शब्द मागे घ्यायचा? "तुझा फंड आलाय की," ते म्हणाले. "तेराच्या आसपास हाय म्हणालतास. आज जाहीर करू, हळूहळू देऊ. पुढं म्हशी इकून मी निम्मं भरतो. शब्द ऱ्हाईल."

पूर्णिमा नवऱ्याकडे पाहत होती. तिने नको म्हटले नाही, हो म्हटले नाही. दोन खोल्यांच्या वरच्या मजल्याचे, तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे आणि दोघांच्या उरलेल्या आयुष्याचे ते पैसे होते, हे सर्वांना माहीत होते. क्रांती वडिलांना काही बोलू लागली तशी त्यांनी तिला, पाहुण्यांसाठी चहा टाक, असे सांगितले. घरात पाहुणे कोणी नव्हते. विजयसिंहांनी आबांकडे पाहिले. आबा नातवाचे मनगट अजून धरून होते.

"पाचला बघू," आबा म्हणाले.

विजयसिंहांनी कपाटातून चेकबुक काढून सदऱ्याच्या खिशात ठेवले. हे आपण का करीत आहोत, मुलासाठी की बापासाठी, की केवळ भावाच्या आवाजातील मऊपणामुळे, हे त्यांना नीट सांगता आले नसते.

तालीम घरापासून दहा मिनिटांवर होती. बापलेक चालत निघाले. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. सवयीने विजयसिंहांची नजर प्रत्येक ट्रॉलीवर जाई आणि मनात वजन उमटे, अकरा टन, साडेबारा टन. मग लगेच रिकाम्या ट्रॉलीचे वजन आठवे. ऋतुराज दोनदा काही बोलायला गेला. एकदा ट्रॅक्टरवरच्या गाण्याने ते बुडविले. दुसऱ्यांदा दोघा तरुणांनी फ्लेक्सखाली गाठून, पावणं, एक फोटू द्या की, म्हणून त्याला मध्ये उभे केले. त्यातल्या एकाने विचारले, एका फटक्याचे किती पडतात. ऋतुराज हसला. फोटोत तो हसतानाच आला असेल.

तालमीच्या हौद्याशेजारी मांडव घातला होता. लाल मातीला तेल-ताकाचा वास येत होता. निवेदनाला शंकरप्पा होता. हा निपाणीकडचा माणूस तीस वर्षे कुस्तीची मैदाने आपल्या आवाजावर चालवीत आला होता, आणि त्याच आवाजात त्याने गोल्फची ओळख करून दिली, ती अशी, की ऐकणाऱ्याला वाटावे चेंडूलाच चीत करायचे असते. फेटा बांधून झाला. तालमीच्या वतीने चांदीच्या मुलाम्याची गदा ऋतुराजच्या हाती दिली गेली. अमरसिंह पहिल्या रांगेत ताठ बसले होते. त्यांनी वळून विजयसिंहांच्या खिशाकडे पाहिले आणि मान हलविली. मग शंकरप्पाने आकाराम वस्तादांचे नाव पुकारले.

आबा काठीवर उठले. माईक त्यांनी नाकारला.

"मंडळी, अकरा लाख दिऊ, असा आमच्या घरनं शब्द गेलाय," ते म्हणाले. "तो शब्द चुकीचा हाय."

विजयसिंहांचा हात खिशावर गेला.

"मला आज दुपारी कळलं, ह्या पोरानं सात वर्सं वस्तादाला पगार दिलाय. पोरानं, वस्तादाला. माझ्या डोक्यात काय ते बसंना. पर एक बसलं. सात वर्सं ह्येला कुणी खुराक दिला न्हाय. तुम्ही न्हाय, मीबी न्हाय. आपल्या तालमीचा पोरगा म्हणून तुम्ही फेटा बांधलासा, गदा दिलीसा. मग पैलवानानं तालमीला द्यायचं, ही कुठली रीत? तालीम पैलवानाला देती." ते थांबले, श्वास घेतला. "एक वर्साचा खुराक तालमीनं उचलावा. शब्द फिरला त्येचा बोल मला लावा. पोराला लावू नगासा."

आणि ते खाली बसले.

देणगी ऐकायला जमलेल्या माणसांकडेच हात पसरला गेला होता. कोणी टाळी वाजवावी की उठून जावे, हे कोणालाच समजेना. अध्यक्षांच्या हातात देणगीदाराला द्यायचा हार तसाच राहिला. अमरसिंहांची मान खाली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून आबांशी एकेकाळी लढलेला, आता वाकलेला एक म्हातारा पुढे आला, खिशातून पाचशेची नोट काढून त्याने ऋतुराजच्या पायाशी ठेवली आणि मागे वळला. शंकरप्पाच्या हातात माईक होता, आणि तीस वर्षांची सवय होती. मैदानात नोट पडली, की पुकारा करायचा. त्याने पुकारा केला.

मग उठणे सुरू झाले. पण जे आले ते बारा लाखांच्या रूपात आले नाही. आबांनी खुराक मागितला होता. लोकांनी खुराक दिला. दोन किलो बदाम. पाच किलो तूप. आठवड्याला तीस अंडी, वर्षभर. कोणी रोख दिली ती हजार-पाचशेची. शंकरप्पा प्रत्येकाचे नाव गावासकट आळवीत होता. शेवटी अमरसिंह उठले. ते बाहेरच जातील असे विजयसिंहांना वाटले, पण ते शंकरप्पाच्या कानाशी वाकले, आणि मांडवभर आवाज घुमला : "अमरसिंह आकाराम चौगले, रोज दोन लिटर म्हशीचं दूध, एक वर्ष." परत येताना त्यांनी कोणाच्याही डोळ्याला डोळा दिला नाही. विजयसिंह मात्र विचारात पडले, की रोजचे दूध बेंगळुरूला पोहोचणार कसे, आणि तुपावर प्रवेश फी कोण घेणार. चेकबुक खिशात जसेच्या तसे होते. ते वाचले याचा आनंद मानावा, की आता ते दुसऱ्याच कोणासाठी काढावे, हा प्रश्न दुपारपेक्षा अवघड झाला होता.

ते उठून मुलाशेजारी जाऊन उभे राहिले. ऋतुराज समोर साचत चाललेल्या पुड्यांकडे आणि बरण्यांकडे पाहत होता. शेजारच्या दुकानातून धावत जाऊन कोणी बदाम आणलेही होते.

"पप्पा," तो ओठ न हलविता म्हणाला, "खेळ सोडला म्हणून सांगायला आलतो मी. सकाळधरनं तेच सांगालोय. पुण्यात एका क्लबात शिकवायची नोकरी बघिटलीया. एक तारखंला हजर व्हायचंय."

विजयसिंहांना वाटले, आपण सुटलो. आणि त्याच क्षणी वाटले, आपण अडकलो. हौद्यापलीकडे आबा डोळे मिटून पुकारे ऐकत होते. शंकरप्पा आजऱ्याच्या कुणाचे तरी काजू जाहीर करीत होता. विजयसिंहांनी मुलाकडे वळून पाहिले. फेट्याखालचा चेहरा थकलेला आणि ठाम होता. त्यात काही शंका घेण्यासारखे नव्हते. मग त्यांची नजर खाली गेली. गदेचे टोक जमिनीला टेकले होते, आणि तिच्या दांड्यावर ऋतुराजचे दोन्ही हात एकावर एक बसले होते, उजवी करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गुंतलेली, काट्याच्या खोलीत उसाच्या कांड्यावर बसे अगदी तशी.

"हे हातास्नी सांगितलंस व्हय?" विजयसिंहांनी विचारले.

ऋतुराजने खाली पाहिले, आणि पुढची तीन नावे पुकारून झाली तरी पाहतच राहिला.